परसदारी : मोतीच्या तोंडाला फेस आणि बेडकाचा रंग



मागच्या अंकात थंडीत कढीपत्त्याचं झाड कसं जगवायचं ते लिहिलं होतं, त्यावर बरेच फोन आले. तीन घरांतली झाडं वाचली असं कळलं, बरं वाटलं. या वेळी झाडाचं नाही, बेडकाचं लिहिणार आहे. नाकं मुरडू नका. ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा कुत्रा आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचावंच. एक अडचण मात्र आधीच सांगते. लेख आहे रंगांबद्दल आणि आपला अंक निघतो काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर. तेव्हा रंग तुमचे तुम्ही मनात भरायचे.

झालं असं. माझा नातू चौथीत आहे. शाळेत त्याला एका प्राण्यावर पोस्टर करायचं होतं. त्यानं निवडले मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले विषारी बेडूक, ज्यांना इंग्रजीत पॉयझन डार्ट फ्रॉग म्हणतात. चार दिवस आमच्या डायनिंग टेबलावर पिवळे, निळे, लाल मार्कर पसरलेले होते. जेवायचं कुठे, असा प्रश्न. पोस्टरच्या तळाशी त्यानं मोठ्या अक्षरांत निष्कर्ष लिहिला : रंगीत बेडूक विषारी असतात. आपल्या बॅकयार्डमधले बेडूक मातकट आहेत. म्हणून आपले बेडूक सेफ आहेत. मी वाचलं आणि "शाब्बास!" म्हणाले. मलाही ते पटलं होतं.

त्याच शनिवारी संध्याकाळी मोठा पाऊस पडून गेला. रात्री साडेनऊच्या सुमारास मोती, म्हणजे मुलीकडचा कुत्रा, मागच्या दारानं पॅटिओवर गेला. दिव्याखाली काहीतरी उड्या मारत होतं. त्यानं ते तोंडात धरलं आणि लगेच टाकून दिलं. दोन मिनिटांत त्याच्या तोंडाला फेस आला. लाळेच्या तारा लोंबताहेत, पंजानं तोंड घासतोय, डोकं झाडतोय. आपण ज्या गावांत वाढलो तिथे तोंडाला फेस आलेला कुत्रा म्हटला की एकच गोष्ट मनात येते. मी ओरडले, "पिसाळला! कोणी जवळ जाऊ नका!" आणि सरकतं दार ओढून घेतलं. मोतीला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली आहे, हे त्या क्षणी आठवलंच नाही. तो बाहेर, आम्ही आत, काचेतून बघतोय. त्यात आठ-दहा मिनिटं फुकट गेली.

शेवटी जावयांनी रात्रीच्या व्हेटना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंगणात टोड आहे का बघा." नातवानं टॉर्च मारला. कुंडीमागे अंग फुगवून एक टोड बसला होता. मग व्हेटनी सांगितलं तसं आम्ही मोतीचं तोंड धुतलं. अर्ध्या तासात फेस थांबला. सकाळी मोती नेहमीसारखा दारात लोळत होता आणि टोडही आपल्या वाटेनं निघून गेला होता.

नातू मात्र रडवेला झाला. "आजी, पोस्टर चुकलं ना माझं? सोमवारी द्यायचंय." मी म्हटलं, "चूक तुझ्या एकट्याची नाही रे. मीही शाब्बास म्हटलं होतं." मग रविवारी दिवसभर आम्ही आजी-नातू पुस्तकं घेऊन बसलो, आणि पुढेही वाचत राहिलो. त्यातलं जे समजलं ते खाली देते.

आधी त्याच्या रंगीत बेडकांबद्दल. त्यांच्याबाबतीत पोस्टर बरोबरच होतं. यातला सर्वांत विषारी बेडूक राहतो कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या जंगलात. हळदीसारखा पिवळाधमक आणि लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर. १९७८ साली मायर्स, डेली आणि माल्किन या तिघांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि नावच ठेवलं टेरिबिलिस, म्हणजे भयंकर. एका बेडकाच्या कातडीत सुमारे १ मिलिग्रॅम विष असू शकतं. दहा माणसांना ते पुरेल असा अंदाज आहे. तिथले एम्बेरा लोक फुंकनळीतून मारायच्या बारीक बाणांची टोकं या बेडकाच्या पाठीवर घासत, म्हणून तो डार्ट फ्रॉग. हे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. दार बंदच होत नाही, मग स्नायू आखडतात आणि हृदयाचा ठोका बिघडतो.

मेडिकल सेंटरमध्ये काम करणाऱ्या आपल्या मंडळींना यातलं पुढचं आवडेल. वरच्या तिघांतले जॉन डेली हे एनआयएचमधले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आयुष्यभर बेडकांच्या कातडीतली रसायनं शोधली. १९७४ साली इक्वेडोरमधल्या एका छोट्या बेडकापासून त्यांना असा अर्क मिळाला, जो उंदरांमध्ये मॉर्फिनच्या सुमारे २०० पट वेदनाशामक ठरला. नमुना इतका थोडा होता, की त्याची रचना १९९२ मध्ये जाऊन कळली. गुण येणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फारच कमी, म्हणून त्याचं औषध होऊ शकलं नाही. पण त्या अभ्यासातून वेदनेबद्दल पुष्कळ नवं कळलं.

आता रंगाकडे येऊ. विष आहे तर गुपचूप बसावं, एवढं नटायचं कशाला? हा प्रश्न खुद्द डार्विनलाही पडला होता, बेडकांवरून नाही, सुरवंटांवरून. पक्ष्यांचे, फुलपाखरांचे रंग जोडीदाराला आवडावेत म्हणून, हे त्यानं मांडलं होतं. पण सुरवंट तर बालवयातला. त्याला कुठला जोडीदार? मग काही सुरवंट एवढे रंगीत का? १८६७ साली त्यानं आल्फ्रेड रसेल वॉलेसला पत्रानं विचारलं. वॉलेसचं उत्तर साधं होतं. हे सुरवंट चवीला वाईट असणार. पण पक्ष्यानं चोच मारून चव घेतली आणि मग टाकून दिलं, तरी सुरवंट मेलाच. म्हणून चोच मारण्याआधीच ओळख पटावी, यासाठी हा रंग. थोडक्यात, रंग म्हणजे दारावरची पाटी.

पाटी वाचायला मात्र शिकावं लागतं. तुमच्या बर्ड फीडरवर येणारा निळा ब्लू जे ओळखता ना? १९६०च्या दशकात लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञानं पिंजऱ्यातल्या ब्लू जेंना मोनार्क फुलपाखरं खायला दिली. मोनार्कचा सुरवंट मिल्कवीडची पानं खातो आणि त्यातलं विष अंगात साठवतो. ब्लू जेनं फुलपाखरू खाल्लं आणि थोड्याच वेळात ओकलं. पुढे नारिंगी-काळे पंख नुसते दिसले तरी तो तोंड फिरवायचा. एकदा भाजीवाल्यानं नासकी भाजी दिली, की आपण त्या गाड्यावर परत जात नाही, तसंच हे. यावरून एक लक्षात येतं. अशा विषाचं पहिलं काम शत्रूला मारणं नसतं, त्याला थुंकायला लावणं असतं. मेलेला पक्षी काय शिकणार? जगला तर तो धडा जन्मभर लक्षात ठेवतो आणि त्या जातीच्या पुढच्या शंभर फुलपाखरांना सोडून देतो.

मोनार्कचे भाऊबंद आपल्या गावाकडेही आहेत. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, ती रुई आणि इथलं मिल्कवीड एकाच कुळातली झाडं. रुईवर पट्ट्यापट्ट्यांचा सुरवंट असतो, त्याचं पुढे नारिंगी फुलपाखरू होतं. त्याचं नाव प्लेन टायगर. पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, असं आपल्या आया का सांगत, ते आता कळलं असेल.

नातवाला सर्वांत गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. ब्राउअरनं काही मोनार्क सुरवंट खटपट करून कोबीच्या पानांवर वाढवले. त्यांची फुलपाखरं दिसायला अगदी तशीच, पण ब्लू जेंनी ती आवडीनं खाल्ली. विष अन्नातून येत होतं, अन्न बदललं तसं विष गेलं. रंगीत बेडकांचंही तेच. त्यांचं विष जंगलातल्या मुंग्या, बारीक कोळीकिडे, भुंगेरे यांच्यातून येतं. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आणि तिथलेच किडे खाऊन वाढलेल्या बेडकाच्या अंगी ते जवळजवळ नसतंच. रंग तोच, आत काही नाही. हे ऐकून आमची मुलगी म्हणाली, "म्हणजे आपल्या मुलांसारखंच. दिसायला मराठी, आणि पोटात मॅक अँड चीज!" मी म्हटलं, रविवारी तरी वरणभात घाल, बाई.

आता पोस्टरच्या चुकीकडे वळते. "रंग आहे म्हणजे विष आहे, रंग नाही म्हणजे विष नाही," हा नियम दोन्ही बाजूंनी फसतो, आणि दोन्ही उदाहरणं आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं उदाहरण कोकणातलं. तुमच्यापैकी ज्यांनी इंटर सायन्सला किंवा बारावीला बेडूक कापला, त्यांना राना टायग्रिना हे नाव पाठ असेल. हिरवट, डाराव डाराव ओरडणारा मोठा बेडूक. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला, की शेताच्या डबक्यात याचे नर एकदम लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याशी दोन निळे फुगे येतात. टेरिबिलिसइतकाच भडक पिवळा! पण धोका काही नाही. हा रंग पावसाळ्यातल्या त्या थोड्या दिवसांचा, जोडी जमवण्याच्या धांदलीतला. उलट हा बेडूक माणसंच खातात. गोव्यात पावसाळ्यात याला जम्पिंग चिकन म्हणून चोरून पकडतात. कायद्यानं त्याला बंदी आहे, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारतानं १९८७ मध्ये बंद केली.

दुसरं उदाहरण आपल्याच पॅटिओवरचं. शुगर लँडमध्ये पाऊस पडल्यावर दिव्याखाली किडे खायला जो येतो तो गल्फ कोस्ट टोड. दोन ते चार इंच लांब, मातकट, खरखरीत अंगाचा, पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ. पुस्तकी मराठीत टोडला भेक म्हणतात. गावाकडे पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीपाशी बसलेला खरबरीत बेडूक आठवा, तो याच कुळातला. दोघांच्याही डोळ्यांमागे एकेक फुगीर गाठ असते. टोडचं विष मुख्यतः तिथे. ते आपणहून उडत नाही. कोणी तोंडात धरून दाबलं, की दुधासारखं पांढरं बाहेर येतं.

टोड हे विष बाहेरून आणत नाही, अंगातच तयार करतो, आणि तेही कोलेस्टेरॉलपासून. ज्या कोलेस्टेरॉलपायी आपण तूप सोडलं, त्याचा त्यानं असा उपयोग केला! यातली काही द्रव्यं हृदयाच्या डिजॉक्सिन गोळीच्या जातीची असतात. मिल्कवीड आणि रुईतलं विषही त्याच धाटणीचं. झाड, फुलपाखरू आणि टोड, तिघांनी आपापल्या वाटेनं एकच हत्यार गाठलं.

मग त्यानं पाटी का नाही लावली? एक मोठं कारण वेळेचं. रंगीत बेडूक दिवसा फिरतात, उन्हात त्यांचा रंग दुरून दिसतो. टोड रात्रीचा. अंधारात लाल काय आणि निळा काय, कोण वाचणार? त्यापेक्षा दिवसा मातीत माती होऊन झोपावं आणि कोणी पकडलंच तर विष वापरावं, हे त्याला परवडतं. आणि मोतीसारख्याला एक धडा पुरतो. आता तो टोड दिसला की लांबून हुंगतो आणि बाजूनं जातो.

सगळेच कुत्रे मोतीइतके शहाणे नसतात, म्हणून ही माहिती कापून फ्रिजवर लावा :

१. कुत्र्यानं टोड तोंडात धरला तर लगेच तोंड धुवा. डोकं खाली झुकवून, पाणी गालाच्या बाजूनं आत आणि पुढून बाहेर, असं पाच-दहा मिनिटं. सरळ घशात पाणी सोडू नका, ते विषासकट पोटात किंवा फुप्फुसात जाईल. (मी तेच करायला निघाले होते.)

२. ओल्या फडक्यानं हिरड्या आणि जीभ पुसा. फडकं मधूनमधून धुवा.

३. व्हेटना फोन करा. आपल्या टोडनं बहुतेक वेळा लाळ आणि फेस यांवरच भागतं. पण कुत्रा लडखडू लागला, ओकू लागला, झटके आले किंवा श्वास बिघडला, तर फोनवर थांबू नका, गाडी काढा.

४. मुलांनी टोड पाहायला हरकत नाही. हातात घेतला तर साबणानं हात धुवायचे, तोवर डोळ्यांना आणि तोंडाला हात लावायचा नाही. डबक्यातली त्यांची अंडी आणि बेडूकमाशांनाही हाच नियम. टोडला हात लावल्यानं चामखीळ होते, ही मात्र निव्वळ भाकडकथा.

५. मुलाच्या तोंडात काही गेलं अशी शंका आली, तर पॉयझन सेंटरचा नंबर १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत.

फ्लोरिडात कोणाची मुलं किंवा भावंडं असतील तर त्यांनाही हे कळवा, कारण तिथे केन टोड नावाचा थोराड टोड पसरला आहे आणि त्याच्या विषानं कुत्रे मरतात. टेक्ससमध्ये तो अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्देच्या खोऱ्याकडे असतो. आपल्याकडे नाही.

हे वाचून कोणी झाडू घेऊन टोडच्या मागे लागू नका, अशी हात जोडून विनंती. तो रात्रभर आपल्या बागेतले किडे, झुरळं, गोगलगायी खातो, आणि तेही फुकट. रात्री कुत्र्याचं पाण्याचं भांडं आत घ्या, पॅटिओचा दिवा कामापुरताच लावा, किडे कमी येतील आणि टोडही लांब राहील. एवढं पुरे.

विनंतीमागे आणखी एक कारण आहे. आपल्या या भागात एके काळी दुसराही एक टोड होता, ह्यूस्टन टोड. १९५३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, ह्यूस्टनचंच नाव त्याला मिळालं, आणि १९७० मध्येच त्याला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या अमेरिकी यादीत घालावं लागलं. हॅरिस काउंटीतून तो गेला, आणि आपल्या फोर्ट बेंड काउंटीतूनही गेला. ज्या मोकळ्या जागी, झाडीत तो वसंतात लांब, बारीक शीळ घालत बसायचा, तिथे शेतं, रस्ते आणि आपल्यासारख्यांच्या सबडिव्हिजन आल्या. भरीला दुष्काळ, आणि पिल्लांना खाणाऱ्या फायर अँट. आता तो मुख्यतः बॅस्ट्रॉपच्या पाइन जंगलाकडे उरला आहे. ह्यूस्टन झूमध्ये त्याची पैदास करतात आणि अंड्यांच्या माळा तिकडच्या तळ्यांत नेऊन सोडतात. त्याच्याही डोळ्यांमागे विषाच्या गाठी आहेत. रॅकूनला, कुत्र्याला त्या थोपवू शकतात. बुलडोझरला चव कळत नाही.

आपण सगळे या गावात नंतर आलो. मोती तर फक्त तीन वर्षांपूर्वी आला. टोड आधीपासून होता. त्याच्या विषाची पाटी आपल्याला वाचता येत नाही, म्हणून ती माहीत करून घ्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

नातवानं रविवारी रात्री पोस्टरची शेवटची ओळ खोडली आणि तिथे मातकट मार्करनं एक टोड काढला. खाली लिहिलं, की याचा रंग काही सांगत नाही, म्हणून याला विचारल्याशिवाय हात लावू नका. बाईंनी त्यापुढे हसरा चेहरा काढून दिला. माझ्या "शाब्बास"पेक्षा तो जास्त विचार करून दिलेला होता.

बालवाचकांसाठी काम : पाऊस पडून गेला की आईबाबांबरोबर टॉर्च घेऊन अंगणात जा. किती टोड दिसले ते मोजा, हात न लावता. पाठीवरची फिकट रेघ दिसते का पाहा. आकडा मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी मला सांगा. सर्वांत जास्त टोड मोजणाऱ्याला माझ्याकडून घरचा खाऊ.

पुढच्या अंकात : बाल्कनीतली तुळस पिवळी का पडते?

तुमची,
परसदारची आजी